‘आमचं कुत्रं काही करत नाही’

आपल्या समाजात कुत्र्यावरून दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, श्रावकाच्या घरात कुत्रं नकोच. चौक्याची शुद्धी राहत नाही, हिंस्र जनावर पोसल्याचं पाप लागतं. दुसरा म्हणतो, मुलांना जीवदया शिकवायची तर घरात एक कुत्रं हवंच. बेळगावात आमच्या बस्तीच्या कट्ट्यावर हा वाद मी कित्येक वर्षं ऐकते आहे. दोन्ही बाजूंना शास्त्र पाठ आहे. पण घरात रांगणारं मूल आणि दातांचं जनावर एकत्र असेल, तर त्या दोघांवर दिवसभर डोळा कोण ठेवणार, हे दोन्हीपैकी कुणी विचारत नाही.

पहिल्या पक्षाला माझं सांगणं थोडकं आहे. जीवंधरकुमारानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव यक्ष झाला, ही कथा आपण मुलांना मोठ्या कौतुकानं सांगतो. धर्मानं कुत्राही देव होतो, असं समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडात सांगून ठेवलंय. तेव्हा कुत्र्याच्या जिवाला तुच्छ लेखण्याचा परवाना कुणी शास्त्राच्या नावावर काढू नये. घरात नको असेल तर नको म्हणा, पण दारातल्या कुत्र्याच्या पाठीत काठी घालून वर धर्म सांगू नका.

माझं खरं भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे, कारण तो प्रेमाच्या नावाखाली दोन्ही जीव धोक्यात घालतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठशाळेतच शिकवले: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढा भार लादणं आणि अन्नपाणी तोडणं. आता आपल्या ओळखीची कुत्री आठवा. जिन्याखाली हातभर साखळीला दिवसभर बांधलेलं. भुंकलं की चप्पल बसणारं. घाईत दूध-चपातीचा तुकडा पुढं सरकवलेलं, तोही विसरला तर उपाशी. पाचांतले तीन अतिचार तर रोजच्या रोज घडतात, आणि आपण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी सोडतो!

यात धर्माइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची वाट नसते. भ्यालं तर त्याच्यापाशी दातच उरतात. भुकेलेल्या कुत्र्यासमोर हातात बिस्कीट घेतलेलं मूल गेलं, तर ते बिस्कीट आणि बोटं वेगळी करत बसत नाही. मार खाल्लेलं कुत्रं वर आलेला प्रत्येक हात मारायलाच आला असं समजतं, मग तो हात तीन वर्षांच्या पोराचा का असेना. मुलांना घरातलं किंवा ओळखीचं कुत्रंच जास्त करून चावतं. लहान मूल उंचीनं कुत्र्याच्या तोंडाबरोबर येतं, त्यामुळं जखम बहुधा चेहऱ्याला, डोक्याला, मानेला होते.

आमच्या गल्लीत एका घरी हेच झालं. कुत्रं खात होतं, चार वर्षांच्या पोरीनं त्याच्या ताटलीत हात घातला. गालाला टाके पडले. त्या दिवशी मी तिथं जे ऐकलं ते असं: "पोरीनंच खोडी काढली असंल." "आई कुठं होती?" आई आतमध्ये वीस माणसांचा स्वयंपाक करत होती! कुत्रं आणलं होतं दिरानं, मित्राकडून, हौसेनं. त्याला दोन वेळा खायला घालणं, त्याची घाण काढणं, त्याच्यापासून पोरं राखणं हे सगळं न विचारता तिच्या पदरात पडलं. चौथ्या दिवशी कुत्र्याला जीपमधून घाटात सोडून आले. मुलीच्या गालावर व्रण राहिला, कुत्र्याला रानात मरण आलं असणार, आणि दोष आईच्या माथी. हौस करणारा मात्र मोकळा.

म्हणून माझं म्हणणं असं की कुत्रं घरात यावं की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क ते सांभाळणारीचा. तिनं नाही म्हटलं तर ती निर्दय ठरत नाही. तिच्या नकाराला हिशेब आहे. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रं एका खोलीत असेल, तर एक मोठं माणूस तिथं हजर हवं, आणि हजर म्हणजे मोबाईल खाली ठेवून. ज्या घरात असं माणूस नाही, त्यानं मूल मोठं होईपर्यंत थांबावं. आणि तान्ह्या बाळाजवळ कुत्र्याला क्षणभरही एकटं सोडू नये, मग ते कितीही गुणी असो.

"आमचं कुत्रं काही करत नाही" हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. काही करत नाही म्हणजे आजवर केलं नाही, एवढंच. "भुंकणारं कुत्रं चावत नाही" ही म्हण तर पोरांच्या कानावर पडूच देऊ नये. कुत्रं आधी सांगतं. अंग ताठ करतं, तोंड फिरवतं, जिभल्या चाटतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, मग गुरगुरतं. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, असंही नेहमी नसतं. गुरगुरलं म्हणून त्याला मारलं तर ते गुरगुरायचं सोडतं, चावायचं नाही. मुलांना एवढं तरी शिकवा: खाताना, झोपताना, पिल्लांजवळ असताना त्याच्या वाटेला जायचं नाही, मिठी मारायची नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं.

काहीजण म्हणतात, जात बघून आणा. २०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं. एप्रिलमध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. कायद्याचं काय व्हायचं ते होवो. शेतावरचं मुधोळ असो, गल्लीतलं गावठी असो की विकत आणलेलं केसाळ लॅब्रॅडॉर, दात सगळ्यांनाच आहेत.

आणि रेबीज जात बघत नाही. त्याची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. संशयित जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही आपल्याकडं जखमेवर चटणी, चुना, हळद भरणाऱ्या आज्या आहेत आणि "घरचंच कुत्रं, नुसतं ओरखडलंय" म्हणून गप्प बसणारे बापही आहेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा सुयांचा जमाना केव्हाच गेला. आता दंडात चार-पाच वेळा लस देतात, आणि रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. लस अर्धवट सोडायची नाही. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यानंतर लस आणि पुढं दरवर्षी. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना घरोघरी, गल्लोगल्ली लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. तिथं एकही कुत्रं मारून हे साधलेलं नाही. याहून मोठी जीवदया मला तरी ठाऊक नाही.

राहिला शाकाहाराचा प्रश्न. कुत्रं शाकाहारावर जगू शकतं, पण जनावरांच्या डॉक्टरला विचारून, नीट आखलेल्या आहारावर. नुसत्या दूध-चपातीवर ते खंगतं. आपलं व्रत आपण पाळायचं आणि त्याची उपासमार त्याच्या माथी मारायची, हा सौदा धर्मात बसत नाही.

बायांनो, पुढच्या वेळी घरात कुणी टोपलीतून पिल्लू आणलं, तर त्याचे डोळे बघून विरघळायच्या आधी चार प्रश्न विचारा. याला फिरवणार कोण? लस कोण टोचून आणणार? मी चुलीपुढं असताना पोरांजवळ कोण बसणार? आणि उद्या काही झालं तर घाटात सोडणार नाही, हा शब्द कोण देणार? उत्तरात चारही वेळा तुमचंच नाव आलं आणि ते तुम्हाला झेपणार नसेल, तर पिल्लू परत पाठवा. झेपणार असेल, तर मनापासून पाळा, आणि सबंध घराला कामाला लावा.