पन्नास रुपयांचा दंड

"मामा, तुम्हा बँकवाल्यांचा संप म्हणजे जोडून सुट्टी!" ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपाच्या दिवशी आमच्या भाच्यानं घरच्या ग्रूपवर हे टाकलं, खाली हसणारी चार तोंडं. अरे बाबा, बुधवार होता तो, जोडणार कशाला? आणि संपाच्या दिवसाचा पगार कापला जातो, हे तुला कुणी सांगितलंच नाही वाटतं.

असो. मी आता निवृत्त आहे, माझा पगार कुणी कापू शकत नाही. त्यामुळे जरा मोकळेपणानं बोलतो.

औद्योगिक संबंध संहिता संसदेत सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. राज्यसभेत तर विरोधी बाकं रिकामी होती, बहिष्कार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस. पूर्वी ही अट फक्त सार्वजनिक उपयोगी सेवांना होती. बँकांना सरकार वेळोवेळी त्या यादीत घालायचं, म्हणून ती आमच्या चांगली अंगवळणी पडलेली. नोटीस दिली की समेट अधिकारी बैठक बोलावतो, आणि बोलणी चालू असेपर्यंत संप बेकायदा! म्हणजे तारीख पे तारीख. निम्म्या लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तोही संपच.

१९४७ च्या कायद्यात बेकायदा संपाला कामगाराला दंड होता जास्तीत जास्त ५० रुपये. आता कमीत कमी १,०००, जास्तीत जास्त १०,०००. (मालकाच्या बेकायदा टाळेबंदीचा दंडही वाढवलाय, ५० हजार ते एक लाख. खोटं कशाला बोलू? पण दहा हजारांनी कुणाची चूल विझते आणि लाखानं कुणाची, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन विचारा.)

कामगारकपातीला सरकारची परवानगी लागायची १०० कामगारांपासून, आता ३०० पासून. इथं भाचा म्हणतो, "सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शंभर तरी कुठं असतात?" बरोबर आहे रे. पण ज्या कुंपणाबाहेर आपली माणसं आधीच उघड्यावर होती, ते कुंपण आत सरकवून कुणाचं भलं झालं?

हे नवीनही नाही. १९३८ साली मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळानं असाच संपाला वेसण घालणारा कायदा आणला. मंत्रिमंडळ काँग्रेसचं होतं बरं का! सोलापूरही त्याच प्रांतात. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांशी न पटणारे, ७ नोव्हेंबरला एकत्र संपावर उतरले. विधिमंडळात बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं, की माणसाला काम थांबवायची मोकळीक नसेल तर तो गुलामच.

आता आमचीही लाज सांगतो. आमच्या शाखेत एक काका वर्षानुवर्षं रोजंदारीवर झाडू मारायचे. आमच्या मागणीपत्रात त्यांचा मुद्दा कायम शेवटून दुसरा, आणि वाटाघाटीत पहिला गळायचा. मीही तेव्हा गप्प बसलो. आज संपाच्या दिवशी लोक आमच्याकडे बघून हसतात, त्यात त्या गप्प बसण्याचा वाटा आहे. पण म्हणून हक्कच काढून घ्या? काकांना कायम करायला कुठली संहिता आली?

भाच्याचा हुकमी एक्का म्हणजे ग्रॅच्युइटी. "मामा, आता मुदतीच्या नोकरीलाही वर्षभरात मिळते, पाच वर्षं थांबायला नको." खरं आहे, चांगली तरतूद आहे. मागच्या आठवड्यात तो नव्या नोकरीचे पेढे घेऊन आला. मी चष्मा लावून नेमणुकीचा कागद वाचला.

मुदत अकरा महिने.