बाळ रडतंय? सल्ले कमी द्या, हात जास्त द्या

"आमच्या वेळी मुलं इतकी रडत नव्हती हो!" इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बडोदा, आपल्या मराठी घरांत बाळंतिणीला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे, हे वाक्य खरं नाही, आणि त्या पोरीच्या ते फार जिव्हारी लागतं.

मुलं तेव्हाही रडायचीच. पण आमच्या इंदूरच्या वाड्यात रडणारं बाळ आजीच्या मांडीवरून काकूकडे, काकूकडून समोरच्या बिऱ्हाडातल्या ताईकडे जायचं. तेवढ्यात आई दोन घास खायची, जरा डोळा लावायची. आज फ्लॅटमध्ये दोघंच असतात, आणि रात्रीचे दोन वाजलेले. रडणं तेच आहे, हात कमी झालेत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. आपला माळवा अफूचा मुलुख. बाळाला अफूची बारीक गोळी देऊन निजवायची चाल तेव्हा कितीतरी घरांत होती. ती झोप नव्हे, गुंगी. त्यात बाळं दगावतही. तेव्हा जुन्या काळातल्या 'शांत' बाळांचे गोडवे जरा जपूनच गावेत.

नव्या आई-बाबांनो, एवढं लक्षात ठेवा. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. संध्याकाळी जोर जास्त. दिवस-रात्र कळायलाही बाळाला दोन-तीन महिने लागतात. यात तुमचं काही चुकत नाही. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. कुणी काही म्हणो.

छातीशी धरा, खांद्यावर घेऊन फिरा, दिवे मंद करा, अंगाई म्हणा. सूर लागला नाही तरी चालतं, बाळाला आवाज ओळखीचा असला की पुरे. निजवताना पाठीवरच, सपाट गादीवर, उशी-दुलई न ठेवता. वर्षाच्या आत मध चाटवू नका, आणि झोपेचं कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सगळं करूनही थांबलं नाही आणि तुमचा तोल सुटायला लागला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा, पाणी प्या. त्यात निर्दयपणा नाही, शहाणपण आहे. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवणं मात्र कधीही नाही, त्यानं मेंदूला इजा होते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणं, मलूल पडणं, श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आता आपल्या वयाच्या मंडळींना एक विनंती. लेकीकडे, सुनेकडे जाल तेव्हा काढ्याची कृती घरीच ठेवा. "तू जरा पड गं, मी घेते बाळाला," एवढंच म्हणा. आजोबांनीही म्हणावं. वाडे गेले, पण आपले हात अजून आहेत की!