पिक्सेल मोजले, डोळ्यांचे काय?

एकच गेम दोन कन्सोलवर चालवून, पडद्याच्या मधोमध उभी रेघ मारून तुलना करणारे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत. चित्र थांबवायचे, चौपट मोठे करायचे आणि भिंतीच्या विटा कुठे जास्त रेखीव, सावली कुठे जास्त मऊ, याचा निकाल द्यायचा, अशी त्यांची पद्धत. नवे कन्सोल हवे असलेली मुले हेच व्हिडिओ आईबाबांसमोर पुरावा म्हणून ठेवतात. पण या निवाड्यात फक्त यंत्रांची तपासणी होते. ज्या डोळ्यांनी गेम बघायचा, त्यांचा विचार क्वचितच होतो.

आधी अंतराचे गणित पाहू. ज्याला आपण ६/६ दृष्टी म्हणतो, तो डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा टिपतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२१ सेंटिमीटर असते. फोर-के चित्रात तेवढ्या रुंदीत ३,८४० पिक्सेल मावतात, म्हणजे एक पिक्सेल जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. असे दोन शेजारचे ठिपके सुटे दिसायला टीव्हीपासून साधारण १.१ मीटरवर बसावे लागेल. फुल एचडीसाठी हेच अंतर २.२ मीटर येते. म्हणजे आठ फुटांवरच्या सोफ्यावरून फुल एचडीचेही ठिपके सुटे दिसत नाहीत, मग फोर-केचे कुठून दिसणार? काही तरुण डोळे याहून तीक्ष्ण असतात आणि तिरप्या रेषांची थरथर दुरूनही जाणवते, त्यामुळे फरक अगदी शून्य नसतो. पण चित्र चौपट मोठे करून दाखवणे म्हणजे आठ फुटांवरच्या माणसाला दोन फुटांवर नेऊन बसवणे. तिथून दिसणारा फरक घरच्या सोफ्यावरून दिसेलच असे नाही.

डोळ्याला खरोखर जाणवतो तो हालचालीतला फरक. सेकंदाला ३० चित्रे दाखवली, तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर स्थिर राहते. ६० दाखवली, तर सुमारे १७. पळणाऱ्या गाडीचा पाठलाग करताना आपली नजर सरकत राहते आणि चित्र मात्र थबकलेले असते, म्हणून ते दृष्टिपटलावर फरफटते आणि पुसट दिसते. चित्रांचा वेग मध्येच कमीजास्त झाला, तर ते आणखी खटकते. थांबवलेल्या चित्रात यातले काहीच दिसत नाही. चांगले तुलनाकार चित्रांच्या वेगाचा आलेखही देतात. पण पालकांपर्यंत बहुधा विटाच पोहोचतात.

‘सायबरपंक २०७७’ या गेमचे उदाहरण घ्या. १० डिसेंबर २०२० रोजी तो बाजारात आला. चांगल्या संगणकावर तो देखणा दिसत होता, पण जुन्या प्लेस्टेशन ४ वर चित्र धूसर होते आणि वेग कधी कधी सेकंदाला २० चित्रांच्याही खाली जात होता. तुलनेच्या व्हिडिओंनी हे उघड केले आणि ते योग्यच होते. आठवडाभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून गेम काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

पण त्याच गेममध्ये आणखी एक दोष होता. त्यातल्या काही प्रसंगांत लाल-पांढरे दिवे फार वेगाने लुकलुकत. ते बघताना आपल्याला अपस्माराचा झटका आल्याचे एका समीक्षिकेने लिहिले. त्यानंतर कंपनीने धोक्याची सूचना घातली आणि काही दिवसांतच तो लुकलुकाट बदलला. हा दोष कुठल्या एका कन्सोलचा नव्हता, तो गेमच्या रचनेतच होता. रेघेच्या डावीकडेही तोच आणि उजवीकडेही तोच. मग दोन्ही बाजूंतला फरक शोधणाऱ्याला तो सापडणार कसा?

अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांनाच लुकलुकत्या प्रकाशाने झटका येतो. पण त्यांत मुले आणि किशोरवयीन जास्त असतात. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना त्याआधी कधीही झटका आलेला नव्हता. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको, हा दंडक ब्रिटनसारख्या देशांत टीव्ही कार्यक्रमांना लावला जातो. पडदा जितका मोठा, प्रखर आणि जवळ, तितका धोका जास्त. आणि फोर-केचे मोल वसूल करायचे तर जवळच बसावे लागते!

म्हणून माझे म्हणणे असे की, गेमच्या तुलनेत पिक्सेलसोबत आणखी चार गोष्टी सांगितल्या जाव्यात: हा फरक किती फुटांवरून दिसतो, हालचाल किती सलग आहे, पडद्यावरची अक्षरे सोफ्यावरून वाचता येतात का आणि लुकलुकाट किती आहे. हे मोजायला अवघड नाही. ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली, की ते मोजलेही जाईल.

तोवर घरात एवढे करता येईल. कन्सोल घेण्याआधी सोफा ते टीव्ही अंतर टेपने मोजा. मूल टीव्हीच्या जवळ सरकत असेल, तर आधी त्याचे डोळे तपासून घ्या. खेळताना खोलीत दिवा चालू ठेवा. लुकलुकत्या चित्राने अस्वस्थ वाटले, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून पडद्यापासून तोंड फिरवावे, हे मुलांना शिकवा. नुसते डोळे मिटणे पुरत नाही, कारण प्रकाश पापण्यांतूनही आत जातो. अंग आपोआप झटकले गेले किंवा क्षणभर शुद्ध हरपली, तर खेळ थांबवून मुलाला डॉक्टरांकडे न्या. नव्या कन्सोलचा निर्णय त्यानंतर निवांत घेता येईल.