विम्याची पेटी कोणाची?

‘पैसे कंपनीचे जाणार, तुमचे काय जाते?’ ठोकर लागलेली गाडी दुरुस्तीस नेली की हा प्रश्न पुष्कळांच्या कानी पडतो. २०२३ च्या जानेवारीत मोपेचा विमानतळ सुरू झाला. पेडणे महालात, तुयेसारख्या गावांतही, दारोदार गाड्या उभ्या आहेत. कोणा एका गॅरेजवर आम्ही बोट ठेवीत नाही. सचोटीचे कारागीर आम्हांस ठाऊक आहेत. आमचे भांडण त्या प्रश्नाशी आहे.

मोटारीच्या विम्यात नुकसानीचा काही हिस्सा मालकानेच सोसावयाचा असतो. शिवाय सर्वसाधारण विम्यात प्लास्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमत घट म्हणून वजा होते. हा भार चुकविण्यासाठी जुना ओरखडा नव्या अपघातात घुसडावयाचा, ठोकून सरळ केलेले दार नवे म्हणून बिलात लिहावयाचे, आणि सर्व्हेयरने डोळे मिटावयाचे! आपण यास ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतो. कायदा यास फसवणूक म्हणतो. पूर्वी दंडसंहितेचे ४२० वे कलम होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे आहे.

‘कंपन्या तरी कोठे धुतल्या तांदळासारख्या?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. वाजवी दावेही कापले जातात, खेटे घालावे लागतात. पण त्यासाठी विमा लोकपाल आहे, ग्राहक आयोग आहे. खोट्या बिलाने खऱ्या अन्यायाचे परिमार्जन होत नाही; उलट खऱ्या दावेदाराकडेही संशयाने पाहिले जाते. उत्तर प्रदेशात बनावट अपघात-दाव्यांसाठी २०१५ साली उच्च न्यायालयास विशेष तपास पथक नेमावयास सांगावे लागले. तेथवर आपणांस जावयाचे आहे काय?

देवस्थानच्या फंडपेटीत कोणी हात घातला आणि म्हणाला, ‘पैसे देवाचे, तुमचे काय जाते?’ तर महाजन ते ऐकून घेतील काय? विम्याचा निधी ही अशीच अनेकांनी मिळून भरलेली पेटी आहे. टॅक्सीवाल्याचा हप्ता तीत आहे, मोटारसायकल पायलटाचाही आहे. दावे फुगले की हप्ते फुगतात, आणि ज्याने कधी दावा केला नाही त्यासही ते भरावे लागतात.

म्हणून वाचकहो, बिलावर सही करण्यापूर्वी ते ओळीओळीने वाचावे, बदललेला जुना भाग दाखवावयास सांगावे. आणि तो प्रश्न पुन्हा कानी आला, तर स्पष्ट उत्तर द्यावे: आमचेच जाते.