टिटवाळ्याची पाऊलवाट कोणाची?

अंगारकी चतुर्थीच्या दिवशी मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील गाड्या टिटवाळा स्थानकात जवळजवळ रिकाम्या होतात. रिक्षा, रांग, दर्शन, पेढ्यांचा पुडा आणि परतीची गाडी असा या यात्रेचा ठरलेला क्रम असतो. आपण आलो ते गाव मुळात नदीकाठचे आहे आणि देवळापासून थोडी तंगडतोड केली की काळू नदीचे पात्र लागते, हे या गर्दीतील फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल. ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांतील लाखो कुटुंबांना मोकळ्या हवेत चालण्यासाठी जवळपास जागा नाही, अशी तक्रार सतत ऐकू येते. ती खोटी नाही. तथापि दहा रुपयांच्या आसपासच्या तिकिटात जेथे पोहोचता येते, त्या जागेकडे पाठ फिरवूनच ही तक्रार केली जाते, हेही तितकेच खरे आहे.

माळशेज आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावणारी काळू मुरबाड तालुका ओलांडून कल्याण तालुक्यात येते आणि पुढे उल्हास नदीला मिळते. टिटवाळ्याहून वासुंद्रीकडे किंवा रुंदे, फळेगाव या गावांच्या दिशेने निघाले की दाटीवाटीच्या चाळी मागे पडतात आणि भाताची खाचरे सुरू होतात. दसरा उलटून कापणी झाली की बांधांवरून सहज चालता येते. मार्गशीर्षात सकाळी गवतावर दव असते, काठच्या करंजांची सावली दाट असते आणि माघ-फाल्गुनात पळस फुलतो. चढण जवळजवळ नाहीच. सात-आठ वर्षांचे मूल आणि गुडघे दुखणारी आजी यांना बरोबर घेऊन दोन-अडीच तास चालता येईल असा हा प्रदेश आहे. गिर्यारोहणाचे वेड तरुणांत वाढले ही समाधानाची गोष्ट होय. परंतु गडकोटांच्या वाटा साऱ्या कुटुंबाच्या आवाक्यात नसतात. घरातील स्त्रियांच्या वाट्याला तर रविवारीही स्वयंपाकघरच येते. ज्या सहलीला तयारी लागत नाही आणि खर्च येत नाही, तीच सहल त्यांना खऱ्या अर्थाने उपलब्ध असते.

या भूमीला इतिहासही आहे. टिटवाळ्याच्या गणेशमंदिराचा संबंध परंपरा थोरल्या माधवराव पेशव्यांशी जोडते आणि येथेच कण्वमुनींचा आश्रम होता असेही सांगते. (कण्वाश्रमावर हक्क सांगणारी स्थळे देशात आणखीही आहेत, त्या वादात शिरण्याचे कारण नाही.) आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी कल्याण बंदराचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. या बंदरातील माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. म्हणजे आज ज्या मुलुखात फिरायला वाट नाही असे आपण म्हणतो, तो मुलूख दोन हजार वर्षे पायी चालणाऱ्यांचाच होता. 1854 साली आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि त्यानंतर हळूहळू पायांचे महत्त्व सरले.

प्रश्न केवळ हौसेचा असता तर त्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडवण्याचे प्रयोजन नव्हते. खरा प्रश्न मालकीचा आहे. जमाबंदीच्या काळापासून तयार झालेल्या गाव-नकाशांत गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेले असतात. 1987 सालच्या शासकीय निर्देशांत अशा पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट सांगितलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 20 प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या व वाटा ही राज्य शासनाची, म्हणजे पर्यायाने जनतेची मालमत्ता आहे. कागदावर हे सर्व चोख आहे. प्रत्यक्षात मात्र एखाद्या जमिनीभोवती दगडी कुंपण उभे राहते, फाटकावर कुलूप आणि कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी लागते आणि नकाशावरची तुटक रेषा जमिनीवरून पुसली जाते. हे होत असताना तक्रार करणारा कोणीच नसतो, कारण त्या वाटेने रोज जाणारा शेतकरी जमीन विकून मोकळा झालेला असतो.

कायद्याची रचनाही येथे अपुरी पडते. शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम 143 ने दिला आहे. वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिला आहे. परंतु हे दोन्ही उपाय शेतजमीन कसणाऱ्यासाठी आहेत. 2025 मध्ये राज्य शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करण्याचे ठरवले. त्यामागची दृष्टीही ट्रॅक्टर व यंत्रे शेतापर्यंत पोहोचवण्याची आहे आणि ती रास्तच आहे. डोंबिवलीतील कारकून आपल्या मुलांसह नदीपर्यंत चालत जाऊ इच्छितो, तर त्याची बाजू कोणत्या कलमात बसते? पायमार्ग सार्वजनिक असेल तर त्याला तेथून जाण्याचा हक्क निश्चित आहे. परंतु तो पायमार्ग शाबूत ठेवण्याची जबाबदारी आपली आहे असे मानणारे एकही कार्यालय त्याला सापडणार नाही. गाव शहराच्या हद्दीत आले की विकास आराखड्याचे राज्य सुरू होते आणि त्या आराखड्यात साठ फुटी रस्त्याला स्थान मिळते, सव्वाआठ फुटी वाटेला मिळतेच असे नाही.

इंग्लंडमध्ये हाच झगडा एप्रिल 1932 मध्ये रस्त्यावर, किंबहुना माळरानावर आला. मँचेस्टर परिसरातील कामगार तरुणांनी किंडर स्काउट या जमीनदारांच्या राखीव टेकाडावर उघडपणे प्रवेश केला आणि त्यांपैकी काहींनी तुरुंगवास भोगला. पुढे 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतील सार्वजनिक पाऊलवाटांचे सर्वेक्षण करून अधिकृत नकाशा तयार करण्यास भाग पाडले. त्या देशाची हवा, जमीनधारणा आणि लोकसंख्येची घनता आपल्याहून निराळी आहे हे मान्य; परंतु सहा दिवस गिरणीत राबणाऱ्याला सातव्या दिवशी चालण्यासाठी जमीन हवी, ही मागणी ठाण्यालाही परकी वाटू नये.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना आणखी एक नाव येथे आठवेल. आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी जमिनीच्या मूल्यावर ‘ताज्या हवेची पट्टी’ बसवावी असे सुचवले होते. त्या पैशातून दाट वस्तीत मोकळ्या जागा निर्माण कराव्यात आणि शहरे परस्परांना भिडू नयेत म्हणून मधले हिरवे पट्टे राखावेत, अशी त्यांची कल्पना होती. त्यामागील तर्क सोपा आहे. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही. रेल्वे, रस्ते आणि वस्ती यांमुळे वाढते. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो कल्याण तालुक्यातूनच जातो. त्याच्या आसपासच्या जमिनींचे मोल सार्वजनिक पैशाने वाढले. अशा वाढीतून नदीकाठची एक वाट मोकळी मागणे म्हणजे कोणाची लूट करणे नव्हे.

आता ग्रामस्थांची बाजू. शहरातून येणारी माणसे वालाच्या शेंगा तोडतात, बाटल्या फोडतात, नदीत मोटारी धुतात आणि कर्ण्यावर गाणी लावतात, असा त्यांचा अनुभव आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. वाटेचा हक्क मागणाऱ्याने बांध न तुडवण्याची आणि आपला कचरा पिशवीतून परत नेण्याची अट स्वीकारलीच पाहिजे. दुसरे असे की, नदी दिसते तितकी सौम्य नाही. वाळूउपशाने नदीपात्रात पडणारे खड्डे वरून दिसत नाहीत. शेजारच्या खडवलीला भातसा नदीत पोहायला उतरलेल्या अनेक तरुणांचे प्राण गेले आहेत. रुंद्याचा पूल तर पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जात आला आहे. आषाढ-श्रावणात मुलाबाळांसह या काठी येणे हा अविचार होय, आणि इतर महिन्यांतही चालणे काठावरचेच असावे.

येथे भीती वाटते ती शासकीय उत्साहाची. नदीकाठाचा विकास म्हटला की आपल्याकडे सिमेंटचा घाट, रंगीत दिवे, प्लास्टिकचे प्राणी आणि तिकिटाची खिडकी डोळ्यांपुढे येते. तसे काहीही नको आहे. पाण्याचा एक नळ, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय, फाट्याफाट्यावर रंगवलेला दगड आणि गावच्या बचतगटाने मांडलेली भाकरी-पिठल्याची टोपली एवढ्यावर ही वाट चालू शकेल. त्याला महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात फार मोठी तरतूद करावी लागणार नाही. अडचण आहे ती इतकीच की, ज्या कामात निविदा फुगत नाही ते काम सुरू कसे करावे हे आपल्या यंत्रणेला उमगत नाही.

तोवर शाळा-महाविद्यालयांना एक काम हाती घेता येण्याजोगे आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव-नकाशाची प्रत रीतसर शुल्क भरून मिळते. टिटवाळा, वासुंद्री, रुंदे, फळेगाव या गावांचे नकाशे घेऊन विद्यार्थ्यांनी यंदाच्या हिवाळ्यात एकेक तुटक रेषा प्रत्यक्ष चालून पाहावी, ती कोठे शाबूत आहे आणि कोणत्या कुंपणापाशी थांबते याची नोंद गट क्रमांकासह करावी आणि ती नोंद तहसीलदार व महानगरपालिकेचा नगररचना विभाग या दोघांच्याही दप्तरी पोच घेऊन दाखल करावी.