चौसष्ट घरं : घोडा गेला तरी जाऊ दे!

आमच्या वर्गात मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचे दोन पट लागतात. खेळणारे चार आणि बघणारे पंधरा! कुणी येऊन 'कोण जिंकतंय रे?' असं विचारलं, की सगळ्यांच्या नजरा पटावर नाही, पटाशेजारी जातात. तिथे मारलेल्या मोहऱ्यांची रांग असते ना! ज्याची रांग लांब, तो पुढे. प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९, हा हिशेब मीच त्यांना शिकवलेला. मग तक्रार तरी कुणाकडे करणार?

म्हणून आज या हिशेबाला चकवणारा एक डाव घेऊ या. खेळणारी माणसं नव्हती, दोन्ही बाजूंना कॉम्प्युटरच होते. काळी मोहरी स्टॉकफिशकडे. हा त्या वेळचा अतिशय बलाढ्य प्रोग्रॅम, सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासणारा. पांढरी मोहरी अल्फाझीरोकडे. तो लंडनच्या डीपमाइंड कंपनीने बनवला. त्याला फक्त खेळाचे नियम सांगितले होते. बाकी सगळं तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. सेकंदाला तो फक्त ८० हजार स्थिती बघायचा. कंपनीने २०१७च्या डिसेंबरमध्ये दोघांच्या १०० डावांचा निकाल जाहीर केला. अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही.

आता पट काढा आणि मांडा बरं. पांढरे : राजा जी१, वजीर ए४, हत्ती ए१ आणि एफ१, उंट सी१ आणि जी२, घोडा एच६, प्यादी ए२, सी३, एफ२, जी३, एच२. काळे : राजा जी७, वजीर डी६, हत्ती ए८ आणि एफ८, उंट सी८ आणि ई७, घोडा बी८, प्यादी ए७, बी६, सी६, एफ७, जी५, एच७.

मोजलंत? पांढऱ्याचं एक प्यादं आधीच कमी आहे. आणि त्याचा एच६वरचा घोडा बघा, थेट काळ्या राजाच्या अंगणात! इतका वेळ सी१चा उंट लांबून त्याला राखत होता. पण काळ्याने नुकतंच प्यादं जी५ला सरकवून ती तिरकी वाट बंद केली. आता राजा घोडा खाणार. तुम्ही काय कराल? मी तर घोडा मुकाट्याने जी४वर परत आणला असता. तिथे वजिराचा आधारही आहे.

अल्फाझीरोने १९व्या खेळीला एफ१चा हत्ती ई१वर ठेवला. बस्स! शह नाही, मारामारी नाही. घोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. काळ्या राजाने घोडा खाल्ला. आता काळा ४ गुणांनी पुढे. आमच्या वर्गात इथेच टाळ्या पडल्या असत्या.

पण पटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बघा. ए८वर हत्ती, बी८वर घोडा. दोघं डाव सुरू झाल्यापासून जागचे हललेले नाहीत. आठ गुणांची ही मोहरी फौजेत आहेत, पण लढाईत नाहीत. आणि राजा? तो एच६वर, उघड्यावर. पांढऱ्याने लगेच एच-प्यादं पुढे ढकललं, मग ई३वर उंट आणला, डी१वर दुसरा हत्ती. त्याचं प्रत्येक मोहरं कामाला लागलं होतं.

२६व्या खेळीची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पांढऱ्याचा वजीर एच४वर होता, त्याच्यावर प्याद्याचा मारा आला. वजीर मधोमध ठेवावा असं आपण शिकतो. याने तो नेला कुठे? एच१वर, अगदी कोपऱ्यात! तिथून तो एच-पट्टीही बघतो आणि जी२च्या उंटामागे तिरक्या रेषेतही उभा राहतो. पुढच्याच खेळीला उंट ई४वर गेला, तेव्हा वजिराचा जोर त्याच्या पाठीशी होताच.

काळ्याचा वजीर मात्र तिकडे ए२चं प्यादं खायला गेला. तेवढ्यात पांढऱ्याने हत्ती एच१वर आणून एच७वर मात करण्याची धमकी दिली. बिचारा वजीर धावतपळत जी८वर परत! बी८चा घोडा पहिल्यांदा हलला ३६व्या खेळीला. ए८चा हत्ती तर हललाच नाही; ३९व्या खेळीला तो आपल्या घरातच मारला गेला. उरला पांढऱ्याचा हत्ती विरुद्ध काळ्याचा घोडा. ५६व्या खेळीनंतर डाव संपला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा सामना बरोबरीच्या अटींवर झाला नाही, असं बऱ्याच जाणकारांनी म्हटलं. स्टॉकफिशला सुरुवातीच्या खेळींचा साठा दिला नव्हता आणि दर खेळीला ठरावीक एकच मिनिट होतं. मला ही तक्रार रास्त वाटते. पुढे २०१८मध्ये १००० डावांचा निकाल आला. त्यात अल्फाझीरो १५५ जिंकला, ६ हरलासुद्धा. स्टॉकफिशही गप्प बसला नाही. २०२०मध्ये त्यानेही स्थितीची पारख करायला न्यूरल नेटवर्क घेतलं.

आता तुमच्यासाठी कोडं. २५व्या खेळीला काळा राजा एच६वर आणि त्याचं प्यादं जी५वर होतं. पांढऱ्याचा उंट ई३वर, मधलं एफ४ घर रिकामं. पांढऱ्याने वजीर एच४वर आणून शह दिला, म्हणजे थेट त्या प्याद्याच्या तोंडात. तरी प्याद्याला वजीर खाता आला नाही. का? पटावर मोहरी मांडून बघा. उत्तर पुढच्या अंकात.