रंगकामाचा अनुक्रम

दसरा जवळ आला की बुलढाणा जिल्ह्यातील घरांतून सामानसुमान अंगणात येते, चुनकळी भिजत पडते, आणि रंगारी दाराशी उभा राहताच घरात चर्चा सुरू होते ती कोणता रंग द्यावा याची. परंतु ज्या प्रश्नावर त्या रंगाचे आयुष्य अवलंबून असते, तो भिंती आधी की दारे-खिडक्या आधी हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माझे मत असे की, लाकडाची घासणी व अस्तर प्रथम, त्यानंतर छत, मग भिंती, आणि लाकडाचा अखेरचा हात सर्वांत शेवटी, हाच अनुक्रम शास्त्रशुद्ध आहे. आणि तो रंगाऱ्याच्या मर्जीवर न सोडता कामाच्या करारात नमूद झाला पाहिजे.

याची कारणे पदार्थांच्या धर्मातच आहेत. ताजा चुना तीव्र क्षारयुक्त असतो. हवेतील कर्बवायू शोषून तो भिंतीवर हळूहळू दगडासारखा कठीण होतो, पण तत्पूर्वी त्याचे शिंतोडे तैलरंगावर पडले तर त्यातील तेलाचा साबण होऊ लागतो आणि रंगाची चकाकी जाते. डिस्टेंपरमध्ये हा दोष सौम्य असला, तरी रोलरने उडणारे बारीक थेंब चौकटीवर बसतातच. उलट पक्षी, लाकूड पॉलिश पेपरने घासताना उडणारी धूळ जर नुकत्याच रंगवलेल्या ओल्या भिंतीवर बसली, तर ती भिंत कायमची खरखरीत होते. म्हणून धूळ उडवणारे प्रत्येक काम, म्हणजे पोपडे खरवडणे, भेगांत लांबी भरणे, चौकटी घासणे, आधी उरकून घ्यावे. खोली झाडून पुसून घ्यावी. आणि मगच वरून खाली, छतापासून भिंतीकडे उतरावे.

काही अनुभवी रंगारी याच्या उलट सांगतात: दारे आधी पूर्ण करावीत, म्हणजे कुंचला घसरून भिंतीला लागलेला तैलरंग पुढे भिंतीच्या रंगाखाली झाकला जातो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु चुन्याचा पातळ हात तैलरंगाच्या गुळगुळीत डागावर धरत नाही, तो वाळताच सुटतो, आणि डाग पुन्हा उघडा पडतो. त्यापेक्षा चौकटीच्या कडेने भिंतीवर कागदाची चिकटपट्टी लावून लाकडाचा शेवटचा हात जपून देणे अधिक श्रेयस्कर होय.

आमच्या जिल्ह्यात या अनुक्रमाला ऋतूचीही जोड हवी. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, व तिच्यावरील घरांच्या भिंती तिच्याबरोबर हलतात; घाटावरही पावसाळी दमटपणाने दारे फुगून चौकटीत अडकतात. भर पावसाळ्यात रंगवलेल्या लाकडात कोंडलेली ओल पुढे रंगाला फोड आणते. म्हणून भिंत व लाकूड पुरते सुकू द्यावे, गळतीची दुरुस्ती त्याआधी करावी, आणि मगच रंगाचा डबा उघडावा.

या प्रश्नाचा सर्वांत गंभीर भाग मात्र मुलांच्या आरोग्याशी निगडित आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा; केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी, १ नोव्हेंबर २०१७ पासून, दशलक्ष भागांत ९० हून अधिक शिसे असलेल्या घरगुती रंगांच्या उत्पादनास मनाई केली, पण त्यापूर्वी लावलेले थर आजही असंख्य दारांवर आहेत. शिशाची धूळ पोटात गेल्यास मुलांच्या बुद्धीच्या वाढीला बाधा येते. अशा दारांची घासणी कोरडी न करता पाण्याने भिजवून करावी, त्या वेळी मुलांना तेथून दूर ठेवावे, आणि निघालेला चोथा गोळा करून बाहेर न्यावा. घासणी सर्वांत आधी हवी, याला याहून सबळ कारण कोणते?

म्हणून माझी विनंती जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यास व प्रत्येक गावच्या शाळा व्यवस्थापन समितीस आहे. शाळेच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात किती चौरस मीटर व किती हात, एवढाच तपशील पुरेसा मानू नये. कामाचा क्रम, दोन हातांमधील वाळण्याची मुदत आणि ओल्या घासणीची अट हीही कलमे त्यात घालावीत, आणि प्रत्येक टप्पा समितीने पाहून मान्य केल्यावाचून मक्तेदाराचे देयक मंजूर करू नये. यात खर्च फारसा वाढत नाही, थोडी देखरेख वाढते. आणि सार्वजनिक पैशाने लावलेला रंग अनेक वर्षे टिकावा, एवढी देखरेख करणे हे आपले कर्तव्यच आहे.